आमच्या आयुष्यांना एक सत्र द्या : सीमाभागातल्या मराठी साहित्य संमेलनांच्या संयोजकांना खुले पत्र

सन्माननीय संयोजक मंडळी,

सप्रेम जयभीम आणि नमस्कार.

दिवाळी सरली की तुमच्या बैठका सुरू होतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी, कुद्रेमनी आणि अशा कितीतरी गावांत मंडप कुठे घालायचा, ग्रंथदिंडी कुठल्या देवळापासून काढायची, अध्यक्ष म्हणून कुणाला आणायचं, पाहुण्यांचं जेवण कुणाकडे, यावर रात्री उशिरापर्यंत बोलणी चालतात. गावाची वर्गणी आणि तरुण पोरांचे कष्ट यांवर ही संमेलनं उभी आहेत. सुगीचं काम टाकून माणसं येतात, पालखीत पुस्तकं ठेवून मैलभर चालतात आणि दिवसभर मांडी घालून ऐकतात. मी चिक्कोडी तालुक्यातली एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका. तुमच्या मंडपात मागच्या रांगेत बसून ऐकत आले आहे आणि या संमेलनांनी मला पुष्कळ दिलं आहे. त्या हक्कानं हे पत्र लिहिते आहे.

यंदाच्या संमेलनात एक सत्र आमच्या आयुष्यांसाठी ठेवा. व्याख्यान नको, परिसंवाद नको. गावातल्या आणि आसपासच्या साध्या माणसांनी व्यासपीठावर यावं आणि स्वतःच्या आयुष्यातला एक प्रसंग स्वतः लिहून वाचावा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावा. हे सत्र जेवणानंतर पेंगुळलेल्या वेळी नको. उद्घाटनाला लागून, मंडप भरलेला असताना हवं.

ही मागणी माझ्या डोक्यात आली ती बाबासाहेबांच्या लिखाणातून.

बाबासाहेबांनी आपलं सबंध आत्मचरित्र लिहून ठेवलं नाही. पण 1930 च्या दशकात त्यांनी काही आठवणी इंग्रजीत हातानं लिहून ठेवल्या होत्या. त्यांच्या हयातीत त्या छापल्या गेल्या नाहीत. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं 1990 साली 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावानं त्यांची पुस्तिका काढली आणि पुढे महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या 12व्या खंडात त्या आल्या. ज्या कोलंबिया विद्यापीठात ते शिकले तिथेही आज हा मजकूर विद्यार्थ्यांना वाचायला देतात. माझ्या हाती त्याचा मराठी अनुवाद 6 डिसेंबरला चैत्यभूमीवरच्या एका स्टॉलवर आला. दादरहून परतीच्या गाडीतच वाचून झाला, इतका तो लहान आहे.

सुरुवातीलाच बाबासाहेब सांगतात की अस्पृश्यता परदेशी माणसाला कळावी म्हणून दोन वाटा आहेत : एक तर सगळ्या प्रथेचं सर्वसाधारण वर्णन करायचं, नाहीतर घडलेले प्रसंग मांडायचे. त्यांनी दुसरी वाट घेतली. अर्थशास्त्राचे आणि कायद्याचे एवढे मोठे पंडित, आकडे आणि शास्त्रार्थ त्यांच्या हाताशी होते. तरी इथे ते नऊ-दहा वर्षांचा मुलगा होऊन मसूर स्टेशनावर उभे राहतात.

मसूर आपल्याला परकं नाही. रायबाग, कुडची, मिरज करत पुण्याला जाणाऱ्या आपल्याच रेल्वेमार्गावर ते लागतं. 1901 च्या सुमाराची गोष्ट. वडील कोरेगावला दुष्काळी कामावर नोकरीला. साताऱ्याहून बाबासाहेब आणि घरातली आणखी मुलं त्यांना भेटायला निघालेली, अंगावर नवे कपडे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं. आयुष्यात पहिल्यांदा आगगाडीत बसलेली. उतरल्यावर न्यायला कुणीच आलेलं नाही. स्टेशनमास्तर आपुलकीनं विचारपूस करतो, आणि मुलगा भाबडेपणानं सांगून जातो की आम्ही महार. मास्तरचा चेहरा पालटतो. एकही गाडीवान त्यांना बसवून न्यायला तयार होत नाही. शेवटी दुप्पट भाड्यावर तोड निघते : मुलांनी गाडी हाकायची आणि गाडीवानानं बाजूनं चालायचं. डब्यात भरपूर खायला आहे, पण वाटेत पाणी द्यायला कुणी नाही, म्हणून मुलं रात्रभर उपाशी.

भरलेला डबा शेजारी आणि घशाला कोरड. हे वाचल्यावर मला अस्पृश्यतेवर आणखी व्याख्यान कशाला हवं? शाळेतलंही त्यांनी असंच सांगितलं आहे. बसायला घरून आणलेलं तरटाचं बस्कर, आणि तहान लागली तर शिपायानं नळ सोडायला हवा. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. तीस-पस्तीस वर्षं मी शाळेत शिकवलं. उन्हाळ्यात शाळेच्या माठाभोवती होणारी पोरांची झोंबाझोंबी आठवली की ते तरट माझ्या डोळ्यांपुढे येतं.

या पुस्तिकेत सहा प्रकरणं आहेत. पहिल्या चारांत बाबासाहेब स्वतः आहेत : मसूर, अमेरिकेतून शिकून आल्यावर बडोद्यात न मिळालेलं घर, 1929 साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी नकार दिल्यामुळे झालेला अपघात, 1934 साली दौलताबादच्या हौदावर झालेला अपमान. शेवटची दोन प्रकरणं मात्र त्यांची नाहीत. पाचवं आहे काठेवाडातल्या एका दलित शिक्षकाचं. बाळंतपणानंतर बायको आजारी पडली, पण डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. तिला वस्तीबाहेर आणलं तेव्हा त्यानं थर्मामीटर आधी एका मुसलमान माणसाच्या हातात दिला, त्यानं नवऱ्याच्या, नवऱ्यानं बायकोच्या. परत येतानाही तसाच. ती वाचली नाही. त्या शिक्षकाचं हे पत्र 1929 च्या डिसेंबरात गांधीजींच्या 'यंग इंडिया' साप्ताहिकात छापून आलं होतं, तिथून बाबासाहेबांनी ते घेतलं. सहावं आहे खेडा जिल्ह्यात तलाठ्याच्या कामावर गेलेल्या एका भंगी तरुणाचं, जे त्यानं 1938 साली दादरच्या सभेत सांगितलं.

स्वतःचं आयुष्य लिहायला बसलेला माणूस आपल्या सहा प्रकरणांतली दोन दुसऱ्यांना देऊन टाकतो, याचा मी खूप विचार केला. ज्यांना कुणी विचारणार नव्हतं, ज्यांची नोंद वर्तमानपत्राच्या रद्दीत गेली असती, त्यांना त्यांनी आपल्या शेजारी बसवलं. तुमच्या मंडपात मला हेच व्हायला हवं आहे.

आपल्या भागाशी बाबासाहेबांचं नातं जुनं आहे. 1920 च्या मार्चमध्ये कागल जहागिरीतल्या माणगावला परिषद भरली, राजर्षी शाहू महाराज स्वतः तिथे आले आणि बाबासाहेब हेच तुमचे पुढारी म्हणून त्यांनी लोकांना सांगितलं. ते माणगाव निपाणीहून फार लांब नाही. 1925 च्या एप्रिलमध्ये तर खुद्द निपाणीतच बहिष्कृतांची प्रांतिक परिषद भरली आणि बाबासाहेब इथे येऊन बोलले. आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं ती गोष्ट त्यांच्या वडलांच्या तोंडून ऐकलेली. कुणाच्या आज्यानं भाकरी बांधून पायी वाट धरली होती, कुणाच्या पणजीनं मंडपाच्या कडेला उभं राहून ऐकलं होतं. यातलं काहीही कुणी लिहून ठेवलेलं नाही. सांगणारी माणसं एकेक करून जात आहेत.

आता माझा एक प्रसंग सांगते, कारण दुसऱ्यांनी सांगावं म्हणताना स्वतः गप्प बसणं बरं नव्हे.

नोकरी लागली तेव्हा माझी नेमणूक खानापूरकडच्या एका गावात झाली. जूनचा महिना, त्या भागातला पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. राहायला खोली हवी होती. एका कौलारू घराच्या पडवीला लागून वेगळ्या दाराची खोली होती. घरमालकीण वयानं माझ्या आईएवढी, बोलायला गोड. खोली दाखवली, चूल कुठे मांडायची, पाणी कुठून भरायचं ते सांगितलं, भाडंही ठरलं. कनवटीची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "बाई, आडनाव काय म्हणालासा?" मी सांगितलं. ते आडनाव आमच्यातही आहे आणि मराठ्यांतही. त्या क्षणभर थांबल्या. "म्हंजे तुमी कुठल्या त्यातल्या?" मी तेही सांगितलं. किल्ली माझ्या हातापर्यंत आलीच नाही. "धाकटा पुण्यासनं यायचाय, त्याला लागंल खोली," म्हणाल्या. मग आत जाऊन त्यांनी चहा आणला. चहा चांगला होता, आलं घातलेला. मी प्याले. निघताना त्या म्हणाल्या, "पेला तेवढा इसळून तितं तुळशीजवळ पालता घाला."

मी पेला विसळला, पालथा घातला आणि पावसात स्टँडवर गेले. त्या पावसाळ्यात नाला चढला की गाडी गावात यायची नाही आणि मला शाळेच्याच वर्गात बाकं जोडून झोपावं लागायचं. पुढे गावाच्या टोकाला एका मुसलमान कुटुंबानं खोली दिली, बदली होईपर्यंत मी तिथे राहिले. बडोद्यात बाबासाहेब पारशी नाव लावून पारशी धर्मशाळेत राहिले, कळल्यावर लोक काठ्या घेऊन आले, आणि नोकरी सोडून ते गाडीच्या वेळेपर्यंत कमाठी बागेत बसून राहिले. ते प्रकरण वाचताना मला माझा तो पेला आठवला. मी कोण आणि ते कोण. पण त्यांनी ते लिहिलं म्हणून मलाही माझं लिहावंसं वाटलं.

आता जे लिहिते आहे ते काळजीनं लिहिते आहे. त्या घराच्या ओसरीवर छत्रपतींची तसबीर होती. घरातला थोरला मुलगा दर 1 नोव्हेंबरला, काळ्या दिनी, दंडाला काळी फीत बांधून बेळगावच्या फेरीला जायचा. मराठीसाठी त्यानं मार खाल्ला होता, त्याच्यावर केसही होती. त्या घराचं मराठीवरचं प्रेम खरं होतं. आणि तुळशीजवळचा तो पालथा पेलाही खरा होता. या दोन्ही गोष्टी एकाच वहीत लिहिल्या गेल्या पाहिजेत. त्यातली एकच लिहिली तर सीमाभागाची गोष्ट अर्धी राहते.

1956 च्या 1 नोव्हेंबरला हा भाग मैसूर राज्यात गेला, तेव्हापासून "आम्हाला महाराष्ट्रात घ्या" हे एकच वाक्य आपण बोलत आलो आहोत आणि ते बोललंच पाहिजे. सीमाप्रश्नासाठी नेमलेला महाजन आयोग 1966 साली आला, 1967 साली अहवाल आला, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात दावा आहे. सातबाऱ्यापासून बसच्या पाटीपर्यंत आपली भाषा नाही, हे दुःख माझंही आहे. मराठी शाळेतून आलेलं पोर कचेरीत कन्नड अर्ज हातात धरून गोंधळून उभं राहतं, तेव्हा माझ्या पोटात तुटतं. पण इतकी वर्षं "आम्ही सीमावासी" असं एका सुरात बोलून बोलून त्या "आम्ही"च्या आत कोण कोण आहे, हे पाहायचं राहून गेलं. तुमच्या संमेलनांत ठराव होतात, भाषणं होतात, पुण्या-मुंबईचे पाहुणे सीमाबांधवांच्या मराठीनिष्ठेचं कौतुक करून जातात. त्यांच्या मनात मात्र सीमाभागातलं एकही माणूस चेहऱ्यानिशी उरत नाही. मसूरचा मुलगा शंभर वर्षांनंतरही उरतो, कारण त्याच्या टोपीची जर आणि त्याचा भरलेला डबा आपल्याला दिसलेला असतो.

संमेलनाच्या मंडपातून काय घडू शकतं, हे बेळगावनं दाखवून दिलं आहे. 1946 साली बेळगावला भरलेल्या साहित्य संमेलनातच संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, माडखोलकर अध्यक्ष होते. साहित्याच्या मंडपातून एवढं मोठं आंदोलन उभं राहिलं. त्या मानानं मी फारच थोडं मागते आहे.

कोणती आयुष्यं, असं तुम्ही विचाराल. मी निपाणी-चिक्कोडी पट्ट्यातली, म्हणून तिथलं सांगते.

1981 साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी निपाणीत पुणे-बंगळूर हमरस्ता अडवला. 6 एप्रिलच्या गोळीबारात 12 शेतकरी गेले. ती नोंद इतिहासात आहे आणि असायलाच हवी. पण ज्या तंबाखूला भाव मागितला जात होता, तीच तंबाखू वखारीत चाळणाऱ्या हजारो बायका त्याच गावात होत्या. त्या सुमारास त्यांचीही संघटना उभी राहिली, मोर्चे निघाले, मजुरी वाढली. माझी आई त्यात होती. आधी वखारीत, नंतर घरी विड्या वळायला.

वखारीतला खकाणा, म्हणजे तंबाखूची उडणारी धूळ, काय असतो, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. डोक्याला फडकं, नाकातोंडावर पदर, तरी संध्याकाळी घरी आल्यावर पहिला घास कडू लागायचा. अंगावर पिणारं पोर असेल तर बाई आधी छाती धुवायची, मग पोराला घ्यायची. घाईत न धुता घेतलं तर पोर तोंड फिरवायचं. हे आईनं मला सांगितलं ते तिच्या सत्तरीत, तेही मी वही घेऊन समोर बसले म्हणून. आधी म्हणाली, "माजं काय लिवतीस? मी काय केलोय? तंबाकू चाळलो, इड्या वळलो, तुमास्नी वाडवलो." मग बोलत राहिली ती दिवेलागणीपर्यंत.

विड्यांचंही असंच. पान भिजवायचं, फर्म्यावर ठेवून कापायचं, पत्ती भरून वळायचं, दोऱ्यानं बांधायचं, तोंड मुडपायचं. हे सूप मांडीवर घेऊन दिवसभर. मग कट्टे बांधून कारखान्यात द्यायला जायचं. तिथे तपासणारा मूठभर विड्या उचलायचा, दोन बोटांत दाबून बघायचा. ही पोकळ, हिचं तोंड सुटलं, असं म्हणून बाजूला टाकायचा. ती छाट. छाटीची मजुरी नाही, आणि त्या विड्या परतही मिळायच्या नाहीत. कारखान्यानं दिलेली पानं खराब निघाली आणि हजार विड्या भरल्या नाहीत तर वरची पानं बाईनं बाजारातून आणायची. आई सांगायची की ती तपासणाऱ्याच्या तोंडाकडे कधीच बघायची नाही, त्याच्या बोटांकडे बघायची. बोटं सैल पडली की त्या आठवड्याचा बाजार झाला म्हणायचा. आठवी-नववीत असताना मी तिच्याबरोबर जायची आणि मीही त्या बोटांकडे बघायला शिकले.

हे साहित्य आहे का, असं एका संयोजकांनी मला विचारलं होतं. मी त्यांना म्हटलं, तुम्ही ऐकून तर बघा. 1855 साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीनं महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो 'ज्ञानोदय' या नियतकालिकानं छापला. त्या वेळीही कुणी हा प्रश्न विचारून तो बाजूला ठेवला असता, तर आज आपल्या हाती काय उरलं असतं?

दुसऱ्यांचं म्हणणं असं पडलं की व्यासपीठावर जात आणू नका, सीमालढ्यात फूट पडेल. मला हे पटत नाही. जात मी मंडपात आणत नाही, ती तिथे आधीपासून बसलेली आहे. दिंडीची पालखी कुठल्या गल्लीतून जाते आणि कुठल्या गल्लीच्या तोंडावरून वळते, हे तुमच्या गावात तुम्हाला नीट माहीत आहे. ज्या मुलीनं मोर्चात घोषणा दिल्या आणि त्याच गावात जिला वेगळ्या पेल्यात चहा मिळाला, ती लढ्याशी बेइमान होईल कशी? तिचं दुःख आपल्याच माणसांनी ऐकून घेतलं तर ती लढ्यात अधिक मनापासून उभी राहील. ऐकून घेतलं जात नाही तिथून माणसं हळूहळू उठून जातात, आणि ती गेली आहेत.

एका विषयात मात्र फार जपून पाऊल टाकायला हवं. सौंदत्तीची यल्लम्मा आपल्याच जिल्ह्यात आहे. रांडाव पुनवेला डोंगरावर काय चालायचं, हे जुन्या माणसांना सांगायला नको. कर्नाटकनं 1982 साली मुलींना देवदासी म्हणून देवीला सोडण्यावर बंदीचा कायदा केला. पण त्याआधी सोडलेल्या बाया आजही आपल्या गावांत आहेत, म्हाताऱ्या झाल्या आहेत, त्यांची मुलं-नातवंडं शिकून नोकरीला लागली आहेत. त्यांनी बोलावं असं मला मनापासून वाटतं, पण त्यांना व्यासपीठावर ओढू नका. ज्या बाईला नाव न सांगता लिहायचं आहे तिचं नाव विचारू नका. तिच्या नातीला गावात मान खाली घालावी लागेल असा एक शब्दही तिच्या परवानगीवाचून वाचला जाता कामा नये. ती "नको" म्हणाली तर विषय तिथेच संपला पाहिजे. आपलं आयुष्य सांगायचं की नाही, हे ठरवण्याचा पहिला हक्क तिचा आहे.

बाकी सत्र कसं घ्यायचं त्याबद्दल मला जे सुचतं ते असं. प्रत्येकानं एकच प्रसंग आणावा, जन्मापासूनची हकिगत नको. दहा मिनिटं पुरतात. प्रसंगात ठिकाण असावं, साल आठवत असेल तर असावं, हातात काय होतं, समोरचा काय म्हणाला, ते असावं. बाबासाहेबांसारखं जमलं तर दुसऱ्या कुणाचा तरी, ज्याला येता आलं नाही त्याचा, प्रसंगही सोबत आणावा. भाषा सुधारायला कुणालाही बसवू नका. माझी आई "मी चाळलो" म्हणते. निपाणीकडची निम्मी बायामाणसं तसंच बोलतात, आणि ते तसंच्या तसं कागदावर उतरलं पाहिजे. स्पर्धा ठेवू नका, नंबर काढू नका. आपल्या आयुष्याला दुसरा क्रमांक मिळाला असं कुणाला वाटायला नको. पाहुण्यांनी प्रत्येक वाचनानंतर चार शब्द बोलायची पद्धत या एका सत्रापुरती मोडा. ऐकून घेऊ द्या नुसतं.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी तुमच्या गावातली कॉलेजची मुलं आहेत. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी मोबाईल घेऊन त्यांना आज्जीसमोर बसवा. रेकॉर्ड करा आणि मग ऐकून शब्दाला शब्द उतरवून घ्या. इंग्रजी शाळेत शिकलेल्या अनेक मुलांना मराठी बोलता येतं पण लिहायला हात अडखळतो. हे काम केलं तर मराठी लिहिण्याची त्यांना खरीखुरी गरज पडेल, आणि गरज पडल्यावाचून भाषा हाताला लागत नाही, असं माझा वर्गातला अनुभव सांगतो.

अजून एक सांगते, काहींना ते रुचणार नाही. आमच्या गल्लीत एका घरात मराठी, शेजारच्या घरात कन्नड. वखारीत दोन्ही बायका एकाच चाळणीला दोन बाजूंनी धरून उभ्या असायच्या. त्यांच्यातल्या कन्नड बोलणाऱ्या बाईला सांगावंसं वाटलं तर तिला "हे मराठी संमेलन आहे" म्हणून परत पाठवू नका. तिनं तिच्या भाषेत सांगावं, आपल्यातल्या कुणीतरी मराठीत उलगडून सांगावं. कन्नडमध्येही दलितांनी आत्मकथनं लिहिण्याची मोठी परंपरा आहे, आणि ती लिहिणारेही बाबासाहेबांचंच बोट धरून चाललेले आहेत. शासनाशी आपलं भांडण आहे ते राहील. त्या बाईशी आपलं भांडण नाही.

आणि वाचलेले कागद मंडप उतरल्यावर गोळा करून गावच्या वाचनालयात ठेवा. साधी फाईल चालेल. स्मरणिकेत जाहिरातींच्या मध्ये दोन पानं दिलीत तरी चालतील. बाबासाहेबांचे ते कागदही अनेक वर्षं असेच पडून होते. कुणीतरी जपले म्हणून आपल्यापर्यंत आले.

आमच्या विहारात रविवारी संध्याकाळी काही बायका जमतात. विडी वळणाऱ्या, वळून वळून आता बोटं वाकलेल्या, एक अंगणवाडीतली, एक ग्रामपंचायतीत निवडून आलेली. मी वाचून दाखवते, त्या सांगतात, मी लिहून घेते. आठवडाभर आठवून ठेवलेलं काहीतरी प्रत्येकीकडे असतं. त्यातल्या काहीजणी तुमच्या मंडपात येऊन वाचायला तयार आहेत. मी त्यांना विचारूनच हे लिहिते आहे. येण्या-जाण्याचा खर्च आम्ही करू, मानधन नको. तुमच्या पुढच्या बैठकीची तारीख ठरली की कळवा. मी वही घेऊन येते. आईचं छाटीचं पान आणि माझं खोलीचं पान तुमच्यापुढे वाचून दाखवते, मग सत्राला किती वेळ द्यायचा ते तुम्ही ठरवा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
चिक्कोडी तालुक्यातली एक निवृत्त शिक्षिका